घसारा वजा जाता

“पण दाजी, उपयोग काय?”

हा प्रश्न आमच्या मेव्हण्याने विचारला तेव्हा तो माझ्याच घरी, माझ्याच खुर्चीत बसला होता आणि चकली संपल्यावर तेलकट बोटं टेकवायला जागा शोधत होता. ती जागा त्याला माझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर सापडू नये म्हणून मी मध्ये उभा होतो. गोष्ट २०२४ च्या दिवाळीतली. अ‍ॅम्प्लिफायर १९८१ सालचा. मेव्हणा त्याच्यानंतरचा.

मेव्हणा हिंजवडीला असतो. तिथे तो नेमकं काय करतो हे आमच्यापैकी कोणालाच कळलेलं नाही, पण पगाराचा आकडा ऐकल्यापासून कोणी विचारतही नाही. त्याने खिशातून मोबाईल काढला, माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, “यात दहा कोटी गाणी आहेत. हे एवढं मोठं धूड कशाला?”

मी कॉमर्सचा माणूस. कोणी मोठा आकडा तोंडावर फेकला की आम्ही आधी भागाकार करतो. दहा कोटी गाणी, एकेक चार मिनिटांचं धरलं तर चाळीस कोटी मिनिटं. वर्षाची मिनिटं पाच लाख पंचवीस हजार सहाशे. म्हणजे न झोपता, न जेवता आणि बँकेत न जाता ऐकत बसलो तर सातशे एकसष्ट वर्षं लागतील. माझ्या रिटायरमेंटला चौदा उरली आहेत. बरं, त्या दहा कोटींतली हा गृहस्थ ऐकतो किती? चार दिवस तो आमच्याकडे होता, मी मोजली. सतरा. त्यातलंही एक शेवटपर्यंत गेलं नाही. गाणं जरा रंगात यायला लागलं की याचा अंगठा शिवशिवतो.

त्या वेळी मी काही बोललो नाही. समोर बायको होती, आणि मेव्हणा कितीही चुकला तरी तो तिचा भाऊ असतो हे अठरा वर्षांत मी शिकलो आहे. आता तो बिछान्यासकट हिंजवडीला परत गेला आहे आणि लेखणी माझ्या हातात आहे. तेव्हा ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे ‘उपयोग काय?’ हा प्रश्न फक्त पंचेचाळिशीच्या आसपासच्या माणसाला विचारतात. दहा वर्षांच्या पोराने काडेपेटीचे छाप जमवले तर त्याचं कौतुक होतं. सत्तरीच्या आजोबांनी अडकित्ते जमवले तर ‘चला, वेळ जातो’ म्हणतात. मधल्या माणसाने काही केलं तर त्यातून परतावा निघाला पाहिजे. आमच्या शाखेत एकजण रविवारी पहाटे सिंहगड चढतो. त्याला कोणी विचारत नाही, कारण कोलेस्टेरॉल उतरतं. दुसऱ्याने गच्चीवर भाजी लावली आहे. वर्षभरात चार वांगी आणि एक दुधी निघाला, पण त्याला ‘विषमुक्त’ म्हणतात. तिसऱ्याने कर्ज काढून बुलेट घेतली आणि दर शनिवारी तो ताम्हिणीत मिसळ खायला जातो. त्यालाही सगळे ‘वा!’ म्हणतात. मी मात्र घरातल्या घरात, कोणाच्या पायात न येता, एका पेटीचे सहा स्क्रू काढून आत बघत बसलो तर हिची मावशी फोनवर हिला विचारते, “सगळं ठीक आहे ना गं त्यांचं?”

खर्चाचा हिशेब लपवत नाही. आपल्याकडे बुधवारी आणि रविवारी जो जुना बाजार भरतो, तिथे एका वातीच्या स्टोव्हच्या आणि कीलकं गळलेल्या टाइपरायटरच्या मधोमध हा संसार मांडलेला होता. रेकॉर्ड लावायचं मशीन, अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बॉक्स, मिळून साडेनऊ हजार. दुरुस्ती तीन हजार आठशे. पिनेसकट नवं कार्ट्रिज बत्तीसशे. मशीनचा पट्टा चारशे. वायर शून्य. दाराच्या घंटेची पांढरी वायर घरात उरली होती, तीच मी स्वतः दोन्ही बॉक्सना लावली. एकूण सोळा हजार नऊशे. घरात सांगितलेली रक्कम साडेचार हजार. उरलेली सध्या सस्पेन्स अकाउंटला आहे.

आता तुम्हाला वाटेल की हा मनुष्य ‘जुनं ते सोनं’ पंथातला दिसतो. साफ चूक. जुनं ते सोनं असतं तर आम्ही त्यावर कर्ज दिलं असतं. गोल्ड लोनच्या काउंटरवर मी सहा वर्षं काढली आहेत, जुनं काय आणि सोनं काय यांतला फरक मला वजनासकट कळतो. उलट माझं खरं भांडण आहे ते माझ्याच बाजूच्या लोकांशी.

ही मंडळी मला मशीन घेतल्यावर भेटली. कोथरूडच्या एका सद्गृहस्थांकडे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा जण जमतात, तिथे कोणीतरी मला नेलं. सगळे माझ्या वयाचे, पोटं साधारण माझ्या मापाची. गृहस्थांच्या हॉलमध्ये माझ्या स्कूटरपेक्षा महाग वायर जमिनीवर लोळत होती. लोळत म्हणजे अगदी जमिनीवरही नव्हे. लाकडाच्या छोट्या छोट्या चौरंगांवर ती आडवी ठेवलेली होती, सत्यनारायणाच्या पूजेत ठेवावी तशी. “ही वायर दोनशे तास वाजल्याशिवाय मोकळी होत नाही,” ते म्हणाले. आमच्याकडे नवीन लागलेले क्लार्कसुद्धा एवढा वेळ घेत नाहीत.

तिथे आम्ही दोन तासांत अकरा रेकॉर्डी ऐकल्या. ऐकल्या म्हणजे प्रत्येकीची पहिली चाळीस सेकंदं. मुखडा संपून अंतरा सुरू होणार, तोच गृहस्थ पिन उचलत आणि डोळे मिटून म्हणत, “वॉर्मथ बघा!” सगळे माना डोलवत. उबदार आवाज म्हणे! अहो, आवाज आहे की गोधडी? ऊब असते ती अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला, आणि तिचा खरा लाभ आमच्या सोसायटीतल्या मांजराने घेतला आहे.

या लोकांना मी तिथल्या तिथे सांगितलं आणि पुन्हा सांगतो: आवाजाच्या स्पर्धेत आपण हरलो आहोत. १९८२ साली सीडी बाजारात आली त्याच दिवशी हरलो. सोळा बिटांच्या सीडीत सर्वांत बारीक आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर शहाण्णव डेसिबलच्या आसपास मावतं. रेकॉर्डमध्ये साठ-सत्तर मावलं तरी कारखान्याची पाठ थोपटावी. रेकॉर्डला धूळ लागते, ओरखडे पडतात, मध्याकडे जाता जाता खोबणीचा वेग मंदावतो आणि शेवटचं गाणं बिचारं दाटीवाटीत बसतं. शिवाय प्रत्येक वेळी हिऱ्याचं टोक त्यावरून घासत जातं. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर ही ऐकताना घसारा होणारी मालमत्ता आहे. खोबणीत मंद्र जसाच्या तसा कोरला तर तो फार जागा खातो, म्हणून कोरताना तो मुद्दाम कमी करतात आणि तार स्वर मुद्दाम वाढवतात, नि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायर बरोबर उलटं करतो. याचा सगळ्यांनी पाळायचा नियम अमेरिकेत १९५४ मध्ये ठरला. म्हणजे आधी ठरवून चूक करायची आणि मग तीच चूक उलटी मांडून दुरुस्त करायची. आमच्याकडे याला रेक्टिफिकेशन एंट्री म्हणतात आणि ती ज्याला करावी लागते त्याला मेमो मिळतो.

कोथरूडकर गृहस्थ म्हणाले, “पण वीस हजार हर्ट्झच्या वरचं जे असतं ना, ते सीडीत कापलं जातं!” असेल. प्रश्न असा आहे की ते ऐकायला तिथे होतं कोण? घरी आल्यावर मी चिरंजीवांच्या मोबाईलवरून परीक्षा घेतली. पंधरा हजारांची शिट्टी चिरंजीवांना ऐकू आली, तळमजल्यावरच्यांच्या कुत्र्याला ऐकू आली. मला बारा हजारांवर सगळं शांत. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी हे असंच असतं. आमच्या अण्णांचं तर विचारूच नका. त्यांना ऐंशी पूर्ण व्हायला आली आहेत. गेल्या वर्षी कानाचं यंत्र घेताना तपासणीचा आलेख काढला, तो डावीकडे मंद्र सुरांपाशी सिंहगडाच्या माथ्यासारखा बऱ्यापैकी सपाट, आणि उजवीकडे एकदम तानाजीचा कडा. स, श, फ, त ही अक्षरं त्या कड्यावरून खाली गेलेली आहेत. कोणीतरी बोलतंय हे त्यांना कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. हे सुख आहे असं ते आईसमोर म्हणत नाहीत, पण जेवायला बसताना यंत्र काढून ठेवतात.

तर आवाज चांगला म्हणून नव्हे. आणि हेही सांगून टाकतो, मोठा म्हणूनही नव्हे. मोठ्या आवाजाची हौस आपल्या गावात गणपतीत भागते. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन माणसाने १९६५ मध्ये प्रयोगशाळा काढली ती कशासाठी? टेपमागची खरखर, तो बारीकसा ‘स्स्स’ आवाज कमी व्हावा म्हणून. आयुष्य घालवलं त्याने गोंगाट कमी करण्यात. आणि आपण काय केलं? खिडक्यांच्या काचा हादरवणारी स्पीकरांची भिंत ट्रॅक्टरवर चढवली आणि तिला त्याचं नाव दिलं! उद्या आपण दारूच्या गुत्त्याला व्यसनमुक्तीवाल्याचं नाव देऊ.

मग या धुडात आहे काय? खटपट आहे. तीच मला हवी आहे.

रविवारची सकाळ सांगतो. आधी ट्यूबलाइट लावायची. मशीनच्या थाळीच्या कडेला ठिपके कोरलेले असतात आणि वेग बरोबर असला की ते विजेच्या दिव्याखाली स्थिर उभे राहिलेले दिसतात. पण ते आपल्या पन्नास सायकलच्या विजेवर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली. आमच्या नव्या एलईडीखाली ते ठिपके नुसते मुंग्यांसारखे धावतात. म्हणून मी हॉलमध्ये चोकवाली जुनी ट्यूब परत लावून घेतली. (हिचं म्हणणं, आता घर पोस्ट ऑफिससारखं दिसतं. असेना.) वेग साडेतेहतीसच्या किंचित खाली, बरोबर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश, एवढा जमला की रेकॉर्ड कव्हरातून तळवे न लावता काढायची. कडेला अंगठा, मध्यावर बोटं. मखमलीच्या ब्रशने एक फेरी. मग दांडीच्या मागचं वजन फिरवून पुढे दोन ग्रॅमचा भार येतो का बघायचं. दिवसाला काही लाखांची रोकड जुळवणाऱ्या माणसाला दोन ग्रॅमचा ताळमेळ बसला की जो आनंद होतो तो मी सांगू शकत नाही. मग पिन टेकते. दोन-तीन सेकंदं नुसती खरखर. त्या खरखरीत घरातले सगळे एकदा वर बघतात.

आणि मग बावीस मिनिटं कोणी काही करू शकत नाही. पुढे ढकलता येत नाही, मागे ओढता येत नाही, मधेच जाहिरात नाही, ‘तुम्हाला हेही आवडेल’ नाही. मला काय आवडेल ते माझं मला ठरवू द्या ना!

आमचे आजोबा ऐकायचे त्या अठ्ठ्याहत्तरच्या तव्यावर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी तेवढ्यात अख्खा राग उभा करून दाखवला, हे आठवलं की अर्ध्या तासाच्या मीटिंगनंतर आमच्या साहेबांना काय म्हणायचं होतं ते अजून कळलेलं नाही याची लाज वाटते. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग-प्ले आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची सोय झाली. राग जरा पाय पसरून बसला. पण बाजू संपते हे महत्त्वाचं. संपली की उठावं लागतं. उठलं की कोणीतरी म्हणतं, “आता दुसरी बाजू नको, माणिक वर्मा लावा,” कोणी म्हणतं, “वसंतराव,” आणि भांडण होतं. आमच्या घरात चार खोल्यांत चार जण कानात चार बोंडं घालून बसतात तेव्हा भांडणसुद्धा होत नाही हो! परवा माझी कन्या आणि मी एकाच सोफ्यावर शेजारी बसून एकच गाणं वेगवेगळं ऐकत होतो. मला ते कळलं कारण दोघांचे पाय एकाच वेळी हलत नव्हते. ती दोन ओळी पुढे होती.

दुसरी खटपट दुरुस्तीची. इथे मात्र माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही. अडीच वर्षांपूर्वी आम्ही एक ब्लूटूथचा स्पीकर घेतला होता, कलिंगडाच्या फोडीसारखा. एके दिवशी तो मुका झाला. सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने त्याला हातही लावला नाही. “सर, हा उघडत नाही.” मी म्हटलं, “बंद पडलाय हे मला माहीत आहे, उघडा.” तो म्हणाला, “नाही सर, म्हणजे हा उघडतच नाही. डिंकाने चिकटवलेला असतो. एक्स्चेंजमध्ये दहा टक्के देऊ.” म्हणजे आतली बॅटरी थकली तर वरच्या संपूर्ण देहाचं विसर्जन! हीच तऱ्हा मोबाईलची, आणि हीच त्या कानातल्या बोंडांची. विकत आपण घेतो, पण आत काय आहे ते बघायचा हक्क आपल्याला नाही. कर्जदाराने तारण दिलेल्या घराच्या बाबतीतही आम्ही एवढे कडक नसतो.

आता माझा अ‍ॅम्प्लिफायर घ्या. घरी आणला तेव्हा डाव्या बाजूने मधमाश्यांचं पोळं वाजत होतं आणि आवाजाचं बटण फिरवलं की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. बुधवारात तपकीर गल्लीत चौकशी करत करत मी पेठेतल्या एका काकांपर्यंत पोचलो. काका सत्तरीचे. दुकान एवढं लहान की गिऱ्हाईक आत आलं की काकांना श्वास बेताने घ्यावा लागतो. त्यांनी सहा स्क्रू काढले, झाकण उलटं केलं, आणि झाकणाच्या आत सर्किटचा संपूर्ण नकाशा छापून चिकटवलेला! कोणता भाग कुठे, कोणत्या ठिकाणी किती व्होल्ट दिसायला पाहिजेत, सगळं. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कोणा अनोळखी माणसाने हे धरून चाललं होतं की एक दिवस हे बिघडेल, आणि बिघडलं की कोणीतरी ते नीट करील. मला एकदम गहिवरून आलं. काकांना नाही आलं. ते म्हणाले, “कंडेन्सर वाळलेत.” कंडेन्सरमध्ये ओला द्रव असतो, तो वर्षानुवर्षं वाळत जातो आणि मग विजेची गुणगुण गाण्यात शिरते. काकांनी चौदा बदलले. दहा रुपयांपासून साठ रुपयांपर्यंत एकेक. बटणात औषधाचा फवारा मारला, पापड बंद. मागच्या बाजूचे ते लोखंडी टोपीसारखे दिसणारे ट्रान्झिस्टर, टू-एन-थ्री-झिरो-डबल-फाइव्ह, त्यांना त्यांनी हात लावला नाही. “हे मूळचे आहेत, राहू द्या. आता बाजारात नकली फार आलेत.” मी विचारलं, “काका, अजून किती वर्षं चालेल?” काका डाख देता देता म्हणाले, “हा चालेल हो. तुम्ही आपलं बघा.”

निघताना त्यांनी मला बजावलं, “बॉक्स जोडताना लाल ते लाल, काळं ते काळं.” मी म्हटलं, “एवढं कळतं.”

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

असलाच एक संच आमच्या घरी होता. १९८३ साली अण्णांनी पतपेढीतून कर्ज काढून घेतलेला, छत्तीस हप्ते. आईने एक वर्ष नवीन पातळ घेतलं नाही हे तिने आजतागायत कोणाला विसरू दिलेलं नाही. रविवारी सकाळी अण्णा दाढी करून, स्वच्छ बनियन घालून त्याच्यासमोर बसत. आम्हा पोरांना त्याला हात लावायला बंदी. फक्त शोलेची संवादांची रेकॉर्ड लागली की आम्हाला जवळ बसायची परवानगी होती. मग कॅसेटी आल्या, मग सीडी आल्या, आणि तो संच कोपऱ्यातून गॅलरीत आणि गॅलरीतून माळ्यावर गेला.

२००३ मध्ये अण्णा रिटायर झाले. मी चोवीस वर्षांचा, बँकेत नुकताच कायम झालेलो, खिशात पहिला बोनस. त्यांना भेट म्हणून मी पाच छोटे आणि एक मोठा डबा असलेलं होम थिएटर आणलं आणि जागा व्हावी म्हणून माळा मोकळा केला. भंगारवाल्याने लोखंड वेगळं, लाकूड वेगळं तोललं. एकशे सत्तर रुपये. रेकॉर्डी त्याने घेतल्या नाहीत. “इसका कुछ नहीं आता,” म्हणाला, म्हणून त्या ट्रंकेत परत माळ्यावर गेल्या. अण्णा दारात उभे होते. ते काही बोलले नाहीत. तो मनुष्य पोतं उचलणार तेवढ्यात त्यांनी त्याला थांबवलं, वाकून दांडीच्या टोकाची पिन काढून घेतली, कापसात गुंडाळली आणि काडेपेटीत ठेवली.

मी हसलो. मी म्हटलं, “अण्णा, मशीन नाही तर पिनेचा उपयोग काय?”

हो, मीच. मेव्हणा त्या वेळी शाळेत होता.

ते होम थिएटर २००८ पर्यंत चाललं. त्यावर आम्ही मिळून तीन सिनेमे पाहिले असतील. ट्रंक मात्र २०२४ च्या मे महिन्यात, घराला रंग काढला तेव्हा खाली आली. त्रेसष्ट रेकॉर्डी. कन्येने सांगितलं की यांची भिंतीवरची घड्याळं छान होतात, विकतसुद्धा मिळतात. उपयोगाचा विचार करायला लागलं की माणूस भीमसेनांच्या पोटातून खिळा आरपार घालून त्याला काटे बसवायला निघतो. त्याच आठवड्यात मी जुन्या बाजाराच्या चकरा सुरू केल्या. एकशे सत्तरला विकलं आणि सोळा हजार नऊशेला परत घेतलं. बी. कॉम. ला हा व्यवहार उदाहरण म्हणून घातला असता तर परीक्षकाने प्रश्नच रद्द केला असता. बँकेत घसारा वजा जाता जाता ज्या वस्तूची किंमत शून्यावर येते, ती पुस्तकात एक रुपयाला ठेवतात. वस्तू अजून आहे, एवढं तरी कळावं म्हणून. मला तो एक रुपयासुद्धा त्या दिवशी सुचला नाही.

काडेपेटी अण्णांच्या कपाटात अजून आहे. ती पिन या मशीनला बसत नाही, मी बघितलं.

दिवाळी झाल्यावर तीन आठवडे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून ऐकवत होतो. कोथरूडकरांची एवढी टिंगल केली ना मी? मीही तेच करत होतो. “बघा, हल्लीच्या स्पीकरांसारखं बदाबदा नाही. कसा मोकळा, हलका आवाज आहे! स्वच्छ!” लोक चहा पिऊन ‘स्वच्छ’ म्हणत आणि जात. अण्णा त्या दिवसांत गावाला काकांकडे होते. ते आले त्या रविवारी मी भीमसेनांचे अभंग लावले. त्यांना खुर्ची दिली. खरं तर मला काही फार अपेक्षा नव्हती. शब्द त्यांना कळणार नाहीत, टाळ तर कड्यावरून केव्हाच गेलेले. थाळी फिरताना दिसेल, एवढं पुरे.

अण्णांनी यंत्र काढून खिशात टाकलं. मान तिरकी करून चार-पाच मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, “डग्गा कुठाय?”

मी जवळ जाऊन मोठ्याने म्हटलं, “अण्णा, जुनं रेकॉर्डिंग आहे! तेव्हा असंच असायचं! हलकं!”

“डग्गा होता याच्यात,” अण्णा म्हणाले. आणि उठले. उजव्या बॉक्सच्या मागे वाकले, चष्मा कपाळावर घेतला, माझ्या पांढऱ्या वायरीची दोन टोकं चिमटीत धरून बघितली आणि माझ्याकडे पाहिलं. दोन्ही टोकं सारखीच पांढरी. लाल कुठलं आणि काळं कुठलं, हे मी अंदाजाने ठरवलं होतं. एका बॉक्सची वायर उलटी लागली की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि दोघं मिळून मंद्र आवाज एकमेकांत जिरवून टाकतात. तीन आठवडे मी पाहुण्यांना डग्गा गिळलेला भीमसेन ऐकवत होतो, आणि बारा हजारांपर्यंत ऐकू येणाऱ्या माझ्या कानांना पत्ता नव्हता.

अण्णांनी टोकं बदलली.

आतून ही विचारत आली, “अहो, खाली ढोल आलाय का कुणाचा?”

अण्णांना ते ऐकू गेलं नाही. ते खुर्चीत परत बसले होते, डावा तळवा मांडीवर ठेवून, आणि तळव्याची टाच दाबत होते. बाजू संपली तशी दांडी मध्यावर जाऊन टकटक करायला लागली. मी उठणार, तर त्यांनी हातानेच मला बसवलं आणि स्वतः उठून रेकॉर्ड उलटी केली. मला अजून हात लावायची परवानगी नाही.